अर्ध्या शब्दाचा सोबती

काही माणसे अर्ध्या शब्दावरून मनातले ओळखतात. घाटकोपरच्या आमच्या वाण्यासमोर तुम्ही 'तू' म्हणायचा अवकाश, तो विचारणार, 'तूरडाळ की तूप?' संगणकावर हेच काम 'टॅब' नावाची कळ करते. आज्ञा लिहून संगणक चालवणाऱ्याने दोन अक्षरे टंकावीत, टॅब दाबावी, की उरलेला शब्द हजर! पर्याय अनेक असले, तर पुन्हा दाबताच त्यांची यादी समोर येते. ही सोय जुनी आहे. सत्तरच्या दशकात 'टेनेक्स' या प्रणालीत ती होती. पुढे १९८९ साली आलेल्या 'बॅश'मध्येही ती आली.

अंधेरीला १९७३ साली वसलेल्या सीप्झमध्ये मी नोकरी करतो. तिथे आमच्या कचेरीने स्वतःपुरते बनवलेले एक अवजार आहे. त्याची टॅब दाबली, की दोन सेकंद सारे स्तब्ध! मधल्या वेळात टंकलेली अक्षरे मागाहून एकदम कोसळत. कारण शोधले, तेव्हा हसूच आले. दर टॅबला ते अवजार मुळापासून उठे, आपला सारा पसारा उघडी, दूरच्या यंत्राकडे चौकशी करी आणि मग चार शब्दांची यादी देई. 'तू' ऐकताच वाण्याने वखारीतली सगळी पोती मोजून यावे, तसेच हे!

दोन सेकंदांचे एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. लोकलसाठी आपण दहा मिनिटे थांबतोच की! पण कळ दाबल्याची पोच दशांश सेकंदात मिळावी, असे रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालीच लिहून ठेवले आहे. माझे काही अडत नव्हते. आज्ञा मला तोंडपाठ. अडले ते बोरिवलीहून येणाऱ्या एका नव्या मुलीचे. ती टॅब दाबी, काही उमटत नसे. मग लिहिलेले पुसून पुन्हा लिही. एके दिवशी हळूच म्हणाली, 'सर, माझंच काहीतरी चुकतंय का?' नंतर तिने साऱ्या आज्ञा वहीत उतरवल्या आणि टॅबचा नाद सोडला.

मदत उशिरा आली, की मागणारा स्वतःलाच दोष देतो. जाणत्याचे त्यात काही जात नाही; नवख्याचा धीर जातो.

इलाज साधा होता. यादी एकदाच तयार करून जवळ ठेवायची, अवजार बदलले तरच ती नवी करायची, आणि पसारा खऱ्या कामापुरताच उघडायचा. एका दुपारचे काम!

वही अजून तिच्या टेबलावर आहे. परवा पाहिले, तेव्हा ती मिटलेली होती.