शेवंतीची पिलं

केळीला पिलं येतात, हळदीला येतात, तशी शेवंतीलाही येतात आणि ती वाटायची असतात, हे मला शाळेत जायच्या आधीच ठाऊक होतं. चोरखमाऱ्याला आमच्या घरामागच्या सांदवाडीत आजीने शेवंतीची एक ओळ राखली होती. पिवळी, बारीक पाकळ्यांची. पुण्याकडचे बागायतदार झिप्री, राजा अशी नावं घेतात. आमचीला नाव नव्हतं.

चोरखमारा तिरोडा तालुक्यातलं, नागझिऱ्याच्या जंगलाला टेकलेलं गाव. एका अंगाला तलाव, एका अंगाला जंगल, मधात धानाच्या बांध्या. आता बाहेरच्यांना ते ओळखीचं झालं ते जंगलाच्या गेटमुळे. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाल्यापासून तर जास्तच. मला मात्र ते रोवण्याचं गाव म्हणून आठवतं. पऱ्हे टाकायचे, उपटायचे, जुड्या बांधून बांधीत फेकायच्या आणि चिखलात रोवायचे. उपटलेलं पुन्हा लागतं, याचा इथल्या बायांच्या हाताला सराव असतो. फुलझाडांच्या बाबतीत त्या भीत नाहीत त्या म्हणूनच.

मृगाचा पाऊस पडून माती मऊ झाली की आजी खुरपं घेऊन बसायची. गड्डा एका बाजूने उकरून अख्खा उचलायचा, माती झटकायची. मग दिसायचं, की मधला जुना खोडवा लाकडासारखा टणक झालाय आणि त्याच्या भोवती मातीखालून पांढरे धुमारे सरकत बाहेर आलेत. प्रत्येकाच्या टोकाला चार पानं आणि बुडाशी केसांसारखी मुळं. माझा हात हमखास मधल्या जाड बुंध्याकडे जायचा. ‘‘मधातलं बुढं झालं, फेक त्याले. कडचं घे,’’ आजी म्हणायची. कडेची पिलं मुळासकट तोडायची, खालची पानं खुडायची आणि ऊन उतरल्यावर लावायची. जमीन आमची सिहार, म्हणजे रेतीमिश्रित. तरी बाराशे-तेराशे मिलिमीटर पावसात पाणी तुंबलं तर शेवंतीची मुळं कुजतात, म्हणून मातीचा उंचवटा करून. हातभर वाढली की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात.

एका गड्ड्यातून दहा-बारा पिलं सहज निघत. चार घरी राहत, बाकीची वाटली जात. शेणाच्या गोळ्यात बुडवून, पळसाच्या पानात गुंडाळून. पैसे कुणी देत नसे. घेणारीने कधीतरी निशिगंधाचे कंद नाहीतर अबोलीची रोपं आणून द्यायची, एवढंच.

या वाटण्याला मी बरीच वर्षं निव्वळ चांगुलपणा समजत होते. पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं, की बी पेरलं तर नवं झाड येतं, आईपेक्षा थोडं वेगळं. पिलू लावलं तर तेच झाड पुढे चालू राहतं. म्हणजे आमच्या आळीतल्या साऱ्या सांदवाड्यांत मिळून एकच शेवंती होती, ठिकठिकाणी उभी. गोंदियाचा उन्हाळा पंचेचाळीसला टेकतो. एका मे महिन्यात विहीर आटली आणि आमची ओळ बुडापासून वाळली. आजीने हळहळ केली नाही. पाऊस पडल्यावर सरळ चुलतसासूच्या घरी गेली, तिथून आपलीच शेवंती मागून आणली. दिलेलं असतं म्हणून मागता येतं, हा हिशेब तिला पक्का माहीत होता.

कर्दळीला एवढी निगा लागत नाही. मोरीच्या पाण्यावर वाढते, गाठीचा तुकडा डोळ्यासकट पुरला की झालं. तिचा शत्रू रानडुक्कर. जास्वंदीची काडी लागते, पण फुलं वानरं खातात. जंगलाशेजारी राहायचं तर हा कर भरावाच लागतो.

लग्नानंतर मी नागपूरला कुंड्यांत शेवंती लावली. झाडं हिरवीगार माजली, पण कळी धरेना. गॅलरीसमोर रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळत होता. शेवंतीला रात्री लांबल्या की कळीची वेळ समजते. रात्रीत उजेड शिरला की ती पानंच काढत बसते. पॉलिहाऊसवाले याच युक्तीने, बल्ब लावून, हंगाम पुढे ढकलतात. कुंड्या मागच्या अंधाऱ्या गॅलरीत नेल्या, तेव्हा फुलं आली.

नर्सरीतली शेवंती मीही आणते. टपोरी असते, दिवाळीत शोभते. पण शेंडा आखूड राहावा म्हणून बहुतेकदा औषध मारलेलं असतं, आणि फुलं सरली की लोक कुंडीसकट ती कचऱ्यात टाकतात. हे मला पटत नाही. फुलं गेल्यावर बुडापासून चार बोटं ठेवून छाटा, उन्हाळाभर सावलीत ओल राखा. जूनमध्ये पिलं दिसतील. जास्त झाली तर शेजारी द्या. शेजारी नको म्हणाले तर आमच्याकडे आणून द्या, जागा करू.