आधी पाण्याला वाट

कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोडला पूर्वी उसाचं रान असलेल्या जागेवर आमचं घर 2022 च्या अखेरीस बांधून झालं. मागं थोडी मोकळी जागा होती. आईनं तिथं पपई आणि अबोली लावली. 2023 च्या जुलैत झड लागली. साचलेलं पाणी उतरेना. पपई बुडात कुजून आडवी झाली, मग माजला तो लव्हाळा. आईनं मागचं दार उघडणंच सोडलं. मला ते फार लागलं.

दिवाळीनंतर खड्डा घेऊन बघितला. वर भरावाचा मुरूम, जेसीबी आणि ट्रकनं इतका दाबलेला की पहार जाईना. त्याखाली खडी, सिमेंटचे पोपडे, पोत्यांच्या चिंध्या. तळाला काळी माती. राखाडी पडलेली, कुजका वास मारणारी. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. त्यात वरचा थर असा.

शेजारी म्हणाले, वाळू मिसळा. शेतकरी मामांनी अडवलं. थोड्याशा वाळूनं काळी माती सुटी होत नाही, उलट घट्ट बसते. "आधी पाणी काढ पोरी, मग खताचं बघू." मातीपरीक्षणात सामू 8.2 आला, पण सोडियम जास्त नव्हतं. जमीन चोपण नव्हती, त्यामुळं जिप्समचा खर्च वाचला.

वापसा बघूनच खणलं. ओल्या मातीत कुदळ घातली तर ढेकळं विटेसारखी वाळतात. राडारोडा काढून टाकला. कंपाउंडच्या कडेनं गटाराकडं उतार देत चर काढली, त्यात भोकांचा पाईप आणि खडी भरली. मधल्या जागेत दीड फूट उंचीचे गादीवाफे केले, शेणखत घालून. जूनमध्ये धैंचा पेरला. तागापेक्षा तो पाण्यात टिकतो. फुलावर येताना मातीत गाडला.

2024 च्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. गटार तुंबलं आणि पाणी पाईपातून उलटं आत आलं. रात्रभर झोप नव्हती. पण वाफे वर राहिले. आता पुराची बातमी आली की पाईपच्या तोंडाला बूच मारते.

सखल कोपऱ्यात अळू आणि कर्दळ लावली, वाफ्यांवर वांगी आणि अबोली. वाफे दरवर्षी खाली बसतात, तेव्हा शेणखत आणि पाचट वाढवावं लागतं. पाचट ऊसतोड चालू असतानाच आणून ठेवावं. मे महिन्यात शोधायला गेलं तर बहुतेकांनी पेटवून दिलेलं असतं.