हातात पाना, दप्तरात वही



दहावीचा निकाल लागला, की आमच्या रत्नागिरीत घरोघरी एकच प्रश्न असतो, "आता पुढं काय?" मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातून गेलेली मुलं तेव्हा पेढे घेऊन भेटायला येतात. एका वर्षी एक मुलगा रिकाम्या हातानं आला. म्हणाला, "बाई, पास झालो. पण घरची परिस्थिती तुम्हांला ठाऊक आहे. शिक्षण पुरे. गॅरेजात कामाला लागतो."

मी म्हटलं, "कामाला जरूर लाग. पण शिक्षण कशाला सोडतोस? दोन्ही एकदम होतं की!"

तुम्हांला वाटेल, ते कसं? आपल्या देशात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आधी आयटीआयमध्ये जायचं. तिथं फिटर, वीजतंत्री अशा व्यवसायांचं शिक्षण दोन वर्षांचं असतं, वेल्डरचं एका वर्षाचं. मग एसटी महामंडळ, कोकण रेल्वे, महावितरण किंवा एखादा कारखाना यांच्याकडे शिकाऊ उमेदवार व्हायचं. तिथं काम शिकता शिकता दरमहा विद्यावेतन मिळतं. २०१९ सालच्या नियमांत आयटीआय झालेल्यांसाठी ते किमान ७००० रुपये ठरलं. शेवटी परीक्षा होते आणि प्रमाणपत्र हाती पडतं.

"मग गॅरेजातला पोऱ्या काय वाईट?" असं विचाराल. काम वाईट नाहीच! पण पोऱ्याला आज पाना दे, उद्या चहा आण. पाच वर्षं राबला, तरी 'याला हे काम येतं' असा कागद नाही. शिकाऊ उमेदवाराचा लेखी करार होतो. मूल लहान असेल, तर त्यावर पालक सही करतात. काय शिकवायचं, किती दिवस, सगळं ठरलेलं असतं.

कष्ट करून शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबत, स्वतःचा स्वयंपाक करत आणि अभ्यासही करत. 'कमवा आणि शिका' हा त्यांचाच मंत्र. तो मंत्र घेऊन कितीतरी गरीब घरची मुलं मोठी झाली.

पालकांनो, एक विनंती. "अभ्यास जमत नाही ना? मग जा आयटीआयला!" असं रागानं म्हणू नका. मोटार दुरुस्त करायलाही डोकं लागतं. वेल्डिंग करताना कोन चुकला, तर भूमितीची आठवण होतेच! शिवाय तिथून पुढची दारं बंद होत नाहीत. नोकरी सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवीही घेता येते.

आणि मुलांनो, एक लक्षात ठेवा. उमेदवारी संपली, की त्याच ठिकाणी नोकरी मिळेलच असं नाही. तशी सक्ती मालकावर नाही. पण हातातली कला आणि प्रमाणपत्र तुमच्याकडून कोण काढून घेणार? येत्या सुट्टीत आईबाबांबरोबर जवळच्या आयटीआयमध्ये एक चक्कर मारून या. यंत्रं बघा, तिथल्या दादा-ताईंना प्रश्न विचारा. आणि काय आवडलं, ते घरी येऊन वहीत लिहून ठेवा बरं का!