वाडा, फ्लॅट की कंपाउंडचा बंगला? जुन्नर-आंबेगावच्या वाटेवर

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गाने राजगुरुनगर ओलांडले, की आंबेगाव तालुक्यातील मंचर लागते. कांदा-बटाट्याच्या गोण्यांनी भरलेली बाजार समिती मागे टाकून पुढे गेले, की जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, तेथील टोमॅटोचा प्रचंड बाजार आणि डावीकडे जुन्नरचा रस्ता. थोड्याच वेळात शिवनेरीचा कातळ दिसू लागतो. मारवाड, गुजरात, कच्छ येथून लोटा-दोरी घेऊन निघालेली अनेक व्यापारी कुटुंबे घाटमाथ्यावरच्या अशा पेठांत पिढ्यान् पिढ्या स्थिरावली. परमुलखात आलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे धंद्याच्या खालोखाल एकच प्रश्न असतो : राहावे कोठे?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर एकच होते : पेठेतला वाडा. दगडी जोते, लाकडी खांब, रस्त्याच्या बाजूस दुकान, त्यामागे माजघर, मध्ये चौक, चौकात आड आणि वर माडी. दुकानाचा आणि घराचा उंबरठा जवळजवळ एकच. गिऱ्हाईक नसेल तेव्हा शेटजी आत येऊन जेवत, सूर्यास्तापूर्वीचे भोजन चुकत नसे. गोचरीसाठी साधू-साध्वीजी पेठेतून निघाले, की उघड्या दारातूनच त्यांचे येणे कळे. ज्या वृद्धांना दुकानाचे काम झेपत नसे, ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करीत. गावाची निम्मी बातमी त्यांच्याकडे असे.

तरीही वाड्याचे गुणगान करताना त्याची दुखणी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस कौलांतून झिरपतो, लाकडाला वाळवी लागते, जिने अरुंद आणि अंधारे असतात. भावाभावांच्या वाटण्या होत होत एकेका खोलीला चार-चार मालक होतात आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, यावरून बोलणे थांबते. जुना वाडा विकत घ्यावयाचा झाल्यास मालमत्ता पत्रकावर किती वारसांची नावे आहेत, ती सर्व मंडळी सही करण्यास तयार आहेत काय आणि आतील भाडेकरूंचे हक्क कोणते, हे पाहिल्याविना इसार देणे म्हणजे भांडण विकत घेणे होय.

म्हणूनच अनेक वाड्यांच्या जागी आज इमारती उभ्या राहत आहेत. नव्याने बदलून आलेला बँकेचा अधिकारी असो, वा नवी गादी टाकण्यास आलेला तरुण व्यापारी, त्याला फ्लॅट सोयीचा वाटतो. कुलूप लावून गावी जाता येते, गळतीची चिंता सोसायटीवर सोपवता येते, कर्जही सुलभ मिळते. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प महारेराकडे नोंदवावा लागतो. २०१७ पासून राज्यात ही व्यवस्था असल्याने ग्राहकाला कागद तपासण्याचे साधन मिळाले आहे. मात्र फ्लॅटची किंमत केवळ चौरस फुटांत मोजून चालत नाही. तिसऱ्या मजल्यावर गेलेल्या आजोबांचे गुडघे त्यांना खाली उतरू देत नाहीत आणि ओट्यावरचा माणूस खिडकीतला होतो. साधूंना लिफ्ट आणि विजेची घंटा वर्ज्य. बंद दार स्वतः उघडून आत जाण्याचाही त्यांचा आचार नाही. ज्या घराचे दार दिवसभर लोटलेले, त्या घरी वोहरावण्याचा योग सहजासहजी कसा यावा? पहिल्या वर्षी या गोष्टी जाणवत नाहीत. पाचव्या वर्षी जाणवतात.

तिसरा मार्ग गावाबाहेरचा : स्वतंत्र प्लॉट, सभोवती कंपाउंडची भिंत, आत बंगला, गाडी, चार झाडे. हाती पैसा आला, की पुष्कळांचे मन तिकडे ओढ घेते. येथे पहिली अडचण कायद्याची. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे बिगरशेती झालेलाच प्लॉट पाहणे श्रेयस्कर. दुसरी अडचण या मुलखाचीच आहे. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी शेते भिजली, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याला बारमाही आसरा मिळाला. जुन्नर वनविभागात बिबट्या हा अरण्यातला पाहुणा राहिलेला नाही. तो उसाच्या फडात जन्मतो आणि तेथेच वाढतो. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र चालवावे लागते, यावरूनच परिस्थिती ध्यानी यावी. अशा ठिकाणी कंपाउंडची भिंत ही शोभेची वस्तू उरत नाही. अंधार पडल्यावर अंगणात मूल एकटे सोडता येत नाही, पहाटे एकट्याने मंदिरात वा स्थानकात जाण्याचा नेम मोडतो आणि शेजाऱ्याचे घर हाकेच्या अंतरावर नसते.

परमुलखातून येऊन येथे वसण्याची कथा मात्र या पेठांहून फार जुनी आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून माल नाणेघाटाने वर चढे, तो जुन्नरला. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात जमा होई, अशी परंपरा सांगते. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लहानमोठी लेणी कोरलेली आहेत आणि त्यांतील शिलालेखांत देणगीदारांची नावे आहेत. त्यांपैकी तिघे स्वतःस यवन, म्हणजे परदेशी, म्हणवितात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट याने भोजनमंडप दिला, चंद याने लेण्याच्या दर्शनी भागाचे दान केले. क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम यानेही मानमोडी डोंगरावर ४६ व्या वर्षी मंडप आणि पाण्याचे टाके दिले. ही माणसे स्वतः कोणत्या घरात राहत होती, याची खूण उरलेली नाही. परक्या गावात त्यांनी दिलेले पाणी आणि जेवणाची जागा मात्र दगडावर नोंदलेली आहे. त्याच मानमोडीवरील अंबा-अंबिका लेण्यांत पुढील काळात जैन शासनदेवता अंबिकेची मूर्ती कोरली गेली. एकाने खोदलेल्या जागेत दुसऱ्याने आपली श्रद्धा मांडली.

घराच्या भिंतीवर किती विसंबावे, याचा धडा आंबेगाव देते. ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले, ते घोड नदीकाठचे जुने आंबेगावच डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. उंबरे, चौक, ओटे सारे पाण्याखाली. तेथील लोकांना नव्या जागी घरे मांडावी लागली. बरोबर नेता आले ते नातेगोते आणि शेजारधर्म.

आज या भागातील मुले दुबईत, रियाधमध्ये नोकरी-धंद्यासाठी जातात, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. रियाधमध्ये परदेशी लोकांसाठी भिंतींनी वेढलेल्या वसाहती आहेत. त्यांना कंपाउंडच म्हणतात. आत बाग आहे, मुलांना खेळायला जागा आहे, सुरक्षितता आहे. परंतु गाव केवळ मोटारीच्या काचेतून दिसते. भर शहरातील फ्लॅटखाली किराणा दुकान असते, शेजारी निरनिराळ्या देशांची माणसे असतात, पण मुलांना अंगण नसते. भाडे, शाळा आणि कार्यालयाचे अंतर यांचा हिशेब सर्वच करतात. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचता येईल काय, घरातील स्त्रीला दिवसा बोलायला कोणी आहे काय, आजारपणात मध्यरात्री कोणते दार ठोठावता येईल, हे प्रश्न मात्र कागदावर मांडले जात नाहीत.

म्हणून जाणती मंडळी परगावी गेल्यावर घाईने खरेदी करीत नाहीत. निदान एक पावसाळा भाड्याने राहतात. पाणी किती वेळ येते, रात्री रस्ता कसा असतो, शेजारी कसे आहेत, हे पाहतात. मग घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीच्या सोयीने निवड करतात. वाडा मिळाला तर कागद स्वच्छ करून घेतात आणि आधी छप्पर दुरुस्त करतात. फ्लॅट घेतला तर शक्यतो खालच्या मजल्यावर, स्थानक-देरासर पायी गाठता येईल असा. बंगला बांधला तर वस्तीला लागून, उसाच्या बांधापासून दूर. आणि घर कोणतेही असो, उन्हाळ्यात दारापाशी पाण्याचा माठ भरून ठेवतात. जुन्नरच्या डोंगरावर इरिलाने टाकी दिली, तेव्हा तोही या गावात परकाच होता.