टाळाच्या वाट्याचे बिट

४ नोव्हेंबर

आज डीआरएमच्या, म्हणजे आमच्या डिजिटल प्रसारणाच्या, एन्कोडरला ऑडिओ प्रोसेसर जोडला. मीडियम वेव्हचा जुनाच, त्याचाच आउटपुट दोन्हीकडे वाटून दिला. संध्याकाळी रिसीव्हर घेऊन गच्चीवर गेले. अभंग चालू होता. पखवाज ठीक, गळाही ठीक, पण टाळ टाळ राहिला नव्हता. नळाखाली कळशी भरताना येतो तसा बुडबुड आवाज. ऐकवेना.

५ नोव्हेंबर

कारण सापडलं, आणि चूक माझीच. मीडियम वेव्हवर आम्ही आवाज दाबतो, लाटेची टोकं छाटतो, धन बाजूचं मॉड्युलेशन १२५ टक्क्यांपर्यंत नेतो. वरचे स्वरही आधीच चढवून ठेवतो, कारण साध्या सेटचा फिल्टर ते खातो. आवाज भरीव असला की खरखरीवर मात करतो आणि लांबच्या गावात शब्द कळतो. डिजिटलमध्ये यातलं एकही कारण उरत नाही. बिट पोहोचले तर पोहोचले; आवाज चढवून पल्ला तसूभरही वाढत नाही. उलट टोकं छाटली की मूळ गाण्यात नसलेले हार्मोनिक जन्माला येतात. आमच्या हाती सेकंदाला जेमतेम १८ किलोबिट. एन्कोडर त्यातले काही या कचऱ्यावर खर्च करतो, आणि टाळाच्या वाट्याला उरतं ते पाणी.

डिजिटलची वाट आता वेगळी केली. क्लिपर बंद, प्रीएम्फसिस बंद. शेवटी फक्त पुढचं आधी पाहून हळूच आवरणारा लिमिटर, तोही उणे ३ डेसिबलवर. डीकोड झाल्यावर शिखरं थोडी वर उसळतात, त्यांना जागा हवी.

७ नोव्हेंबर

तानपुऱ्यावर बारीक टिक. घड्याळ लावून बसले: दर ११ सेकंदांनी, न चुकता. वायर सैल असती तर टिक अशी वेळ पाळून आली नसती. प्रोसेसर आणि एन्कोडर दोघेही ४८ किलोहर्ट्झवर, पण आपापल्या घड्याळावर. ११ सेकंदांत ५,२८,००० नमुने, आणि त्यातला एक निसटत होता. एवढासा एक, पण षड्ज लागलेला असताना कानाला टोचतो. प्रोसेसरला एन्कोडरचं घड्याळ दिलं. नंतर तासभर नुसता तानपुरा ऐकला. जवारी उलगडत होती.

१० नोव्हेंबर

निवृत्त झालेले आमचे अण्णा आले होते. ऐकून म्हणाले, "मॅडम, आवाज बसलाय हो." त्यांची सगळी नोकरी मॉड्युलेशनच्या काट्यावर नजर ठेवण्यात गेली. शेवटच्या वस्तीवरच्या माणसाला ऐकू जावं, हीच त्यांची तळमळ. ती मला मोलाची वाटते. हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि प्रोसेसर आलटून पालटून जुन्या-नव्या सेटिंगवर टाकला. पातळी मात्र मुद्दाम सारखी ठेवली, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो. तिसऱ्या फेरीला त्यांनी बोट वर केलं. "हा ठेवा. यात बाई श्वास घेताना कळतंय."

१२ नोव्हेंबर

आजचा दिवस बोलण्यासाठी. निवेदनातले श आणि स अजून फिसकारत होते. सगळ्यात वरच्या पट्ट्यातली पकड सैल केली, डीएसर थोडा वाढवला. पातळी आपोआप सांभाळणारा एजीसी मंद केला आणि शांततेत तो जागच्या जागी थांबेल असं बघितलं. नाहीतर दोन वाक्यांमध्ये स्टुडिओतला पंखा वर येतो.

संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. परत गच्ची, परत तोच रिसीव्हर. पाहुणे शेतकरी सांगत होते की चार गुंठ्यांत चारा लावला. पहिल्या दिवशी हे दोन च एकाच फसफशीत बुडाले असते. आज 'चार'मधला टाळूवरचा आणि 'चारा'तला दातांवरचा, दोन्ही वेगवेगळे कानावर आले. सेटिंग सेव्ह केलं, तारीख लिहिली आणि खाली आले.