संशयी गाडी

प्यूजो ४०५ ही फ्रान्समधली चार दारांची, पापभीरू कुटुंबाची गाडी. १९८८ साली त्याच नावाची, साधारण त्याच तोंडवळ्याची एक गाडी पॅरिस-डाकार शर्यतीत उतरली आणि सोनूबाई-कथलाची म्हण तिने उलटी करून दाखवली. दारं दोनच. इंजिन बसणाऱ्यांच्या पाठीमागे, त्याला टर्बो, जोर चारही चाकांना, अंगावर कार्बन आणि केव्हलारचं कवच. जीवघेण्या अपघातांमुळे १९८६ नंतर ग्रुप बीच्या रॅली गाड्या बंद झाल्या. बेकार झालेलं ते कसब प्यूजोने वाळवंटात कामाला लावलं होतं.

मला तिच्या वेगापेक्षा तिचा संशयी स्वभाव आवडतो. ट्रॅकवरची गाडी लाडावलेली असते. रस्ता गुळगुळीत, माणसं हाताशी. हिचा कशावरच भरवसा नाही. पुढे पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून पोटात मोठी टाकी. टायर फाटणारच, म्हणून जादा चाकं. रुतणारच, म्हणून फावडं आणि चाकांखाली सरकवायच्या पट्ट्या. टेकाडांची भुसभुशीत वाळू लागली की टायरमधली हवा सोडायची. टायर पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी बुडत नाही. पण पुढे खडक आला की हाच मऊ टायर कापला जातो, म्हणून उतरा, पुन्हा हवा भरा. तोवर घड्याळ थांबत नाही. (हौस पॅरिसची, धुरळा मालीतल्या गावांच्या नाकातोंडात, हेही विसरवत नाही.)

एवढी तजवीज करूनही १९८८ मध्ये मालीतल्या बामाकोला घात झालाच. ४०५ चा चालक आरी व्हाटानेन आघाडीवर होता आणि त्याची गाडी चक्क चोरीला गेली! सापडली, पण निघायची वेळ टळली होती. तो बाद झाला.

पुढच्या वर्षी व्हाटानेन आणि जॅकी इक्स, दोघंही ४०५ मध्ये, एकमेकांना हटेनात. ईर्ष्येपायी दोन्ही गाड्या मोडतील या धास्तीने संघप्रमुख झाँ तोद यांनी शर्यत संपायच्या आधीच नाणं उडवलं. कौल व्हाटानेनकडे गेला. तोद यांचा हिशेब मला समजतो, पटत मात्र नाही. इतकं यंत्र घडवायचं कशाला मग? ल मां सहा वेळा आणि डाकार एकदा जिंकलेल्या इक्सने मात्र शब्द पाळला आणि दुसरा आला.