थांबून ऐकणारं कुणीतरी

गाण्यातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. इंग्रजीशी संबंध आला तो बी.ए.च्या पेपरापुरता. तरीही आज एका अमेरिकन गायिकेवर लिहायला बसले आहे. घरच्यांनी आताच हसून घ्यावं!

निमित्त नातीचं. २०२४च्या फेब्रुवारीत तिने बॉस्टनहून ग्रॅमी पुरस्कारांच्या समारंभातलं एक गाणं पाठवलं. सोबत निरोप होता, "आजी, ही बाई आपल्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये गायची." लावून बघितलं. काळा शर्ट, पांढरे होत आलेले केस, हातात गिटार, अशी एक साधीशी कृष्णवर्णीय बाई. शेजारी एक धिप्पाड दाढीवाला तरुण गायक. तिने पहिले सूर छेडले मात्र, समोरची सगळी मंडळी आनंदाने ओरडायलाच लागली. ती ट्रेसी चॅपमन. गाण्याचं नाव 'फास्ट कार'.

'आपल्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये' असं नात म्हणाली, कारण तो चौक मी पाहिला आहे. २०१२ साली लेकीकडे चार महिने राहिले होते. जमिनीखालच्या गाडीतून उतरून वर आलं की विटांच्या फरशीचा चौक लागतो. पुस्तकांची दुकानं, विद्यार्थ्यांची वर्दळ आणि जागोजागी कुणी ना कुणी गात-वाजवत उभं. पुढ्यात गिटारची पेटी उघडी ठेवलेली, तीत नाणी आणि डॉलरच्या नोटा. मी लेकीला म्हटलं, "एवढ्या श्रीमंत देशात भिकारी?" ती एकदम वळून म्हणाली, "आई, भिकारी नाहीत गं ते! बस्कर म्हणतात त्यांना. नगरपालिकेचा परवाना काढून गातात."

मी गप्प बसले. पण मनातून पटलं नव्हतं. शब्द शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून असेल, मी दोन दिवस 'बस्कर'ला मराठी शब्द शोधत होते. मिळाला नाही. आपल्याकडे पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव यायचा. त्याला आई सुपातून धान्य घालायची, आणि ते दान असायचं. गोंधळ्याला आपण मानाने बोलावतो, त्याची बिदागी ठरवतो. पण रेल्वेच्या डब्यात कुणी गायला लागलं की त्याच्या हातावर ठेवलेल्या नाण्याला आपण काय म्हणतो? भीक. गाणं तेच, पोटही तेच. शब्द मात्र आपण निवडतो.

असो. तर ही ट्रेसी. जन्म १९६४चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातला. आईवडील विभक्त झाले आणि आईने मुलींना एकटीने वाढवलं. पैशांची ओढगस्तच. तरी त्या माउलीने तीन वर्षांच्या पोरीला युकुलेली आणून दिलं. म्हणजे गिटारचं धाकटं भावंडच, चार तारांचं. आठव्या वर्षी ट्रेसी गिटार वाजवायला लागली, गाणीही रचायला लागली. पुढे 'अ बेटर चान्स' नावाच्या संस्थेमुळे तिला शिष्यवृत्ती मिळाली. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या हुशार मुलांना चांगल्या शाळांत पाठवण्याचं काम ही संस्था करते. ट्रेसी गेली कनेटिकट राज्यातल्या एका खासगी निवासी शाळेत, वूस्टर तिचं नाव.

आता पुढचं वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. त्या शाळेच्या धर्मगुरूंनी या मुलीचं गाणं ऐकलं आणि शिक्षक-विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा करून तिला नवी गिटार घेऊन दिली! पुढे पहिला अल्बम निघाला तेव्हा त्यावरच्या आभारांत तिने त्यांचं नाव घातलं.

ही ओळ मी दोनदा वाचली. का, ते सांगायला हवं. इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही.

१९८८च्या आगेमागे मी मनमाड-भुसावळ पट्ट्यातल्या एका शाळेत होते. सातवीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. दर शनिवारी गैरहजर. विचारलं की मान खाली. एकदा उत्तरपत्रिकांचं काम आटोपून मी पॅसेंजरने परत येत होते. डब्यात गाणं ऐकू आलं. वडील आंधळे, गळ्यात पेटी अडकवलेली. पेटीचा भाता फाटलेला, त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली. एक सूर वाजला की मागून हवेचा फुसफुस आवाज यायचा. आणि पुढे हा मुलगा, बोटांत फरशीचे दोन तुकडे धरून ताल देत गाणारा. आवाज असा, की पत्ते खेळणाऱ्यांनी डाव थांबवला. मीही ऐकत होते. मग त्याने मला बघितलं. गाणं तिथेच तुटलं. सगळ्यांपुढे हात केला त्याने, मला मात्र ओलांडून गेला.

सोमवारी मी त्याला वर्गात उभं केलं. म्हटलं, "गळा चांगला आहे म्हणून कुणी भीक मागत नाही. शाळा शिक, माणूस हो." चाळीस मुलांसमोर 'भीक' हा शब्द वापरला मी. मला वाटत होतं, मी त्याचं भलंच करते आहे.

तेव्हा शाळेचा 'गरीब विद्यार्थी निधी' माझ्याकडेच असायचा. त्यातून त्याला वह्या दिल्या होत्या, एक गणवेशही. वर्षाअखेर निधीत एकशे चाळीस रुपये उरले होते. हिशेबाच्या वहीत मी ते लाल शाईने पुढे ओढले, अजून आठवतं. त्या पैशांत पेटीला नवा भाता बसला असता का? बहुतेक बसला असता. पण तो विचारच माझ्या डोक्यात आला नाही. गरीब मुलाला वह्या द्यायच्या असतात, एवढंच मला ठाऊक. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. मी हजेरीपटावर नाव कमी केल्याचा शेरा मारला.

ट्रेसीची गोष्ट पुढे नेते. शाळेनंतर ती बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात गेली. विषय मानववंशशास्त्र. त्या काळात हार्वर्ड स्क्वेअरमध्ये आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर ती गायची, कॉफीच्या दुकानांतूनही गायची. लोक ट्रेसीच्या गाण्याला 'फोक' म्हणतात. पण आवाजाची जात मला त्या 'सोल' मंडळींच्या जवळची वाटते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून आणि ब्लूजमधून निघालेली ती परंपरा. अरीथा फ्रँकलिन, रे चार्ल्स ही त्यातली मोठी नावं. (हे ज्ञान नातीचं. माझं म्हणून खपवत नाही!)

मला वाटलं होतं, रस्त्यावरून जाताना कुणा बड्या असामीने ऐकलं आणि नशीब उघडलं, सिनेमातल्यासारखं. तसं झालं नाही. ब्रायन कोपलमन हा टफ्ट्समधलाच विद्यार्थी. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध विद्यापीठात निषेधाचा कार्यक्रम चालला होता, त्यासाठी गाणारं कुणी हवं होतं. कुणीतरी ट्रेसीचं नाव सुचवलं म्हणून हा ऐकायला गेला, आणि हलेचना. त्याचे वडील संगीत प्रकाशनाच्या व्यवसायातले. ट्रेसीने आधी दाद दिली नाही. मग या पठ्ठ्याने विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रातून तिच्या गाण्याची टेप चक्क पळवली आणि वडिलांना ऐकवली! मग पदवी झाली, त्यानंतर इलेक्ट्रा कंपनीशी करार, आणि एप्रिल १९८८मध्ये पहिला अल्बम. त्याला नाव नुसतं तिचंच.

त्याच वर्षी ११ जूनला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा जलसा झाला. मंडेला तेव्हा तुरुंगातच होते. साठाहून अधिक देशांत त्याचं प्रक्षेपण झालं. ट्रेसीचं गाऊन झालं होतं. संध्याकाळी स्टीव्ही वंडरची पाळी आली, तर ज्या हार्ड डिस्कमध्ये त्याचं सगळं संगीत साठवलेलं, तीच सापडेना. तो रडत निघून गेला. मंच रिकामा. ज्या कलाकाराला यंत्र लागत नाही, वाद्यवृंद लागत नाही, असं कोण आहे? ट्रेसी. ती एकटी गिटार घेऊन पुन्हा उभी राहिली आणि 'फास्ट कार' गायली. मला वाटतं, तिथे तिची रस्त्यावरची शाळा कामाला आली. आपल्यासाठी न जमलेल्या गर्दीपुढे गाणं तिला नवं नव्हतं.

त्यानंतर ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये पाचव्या. (आमच्या पिढीने बिनाका गीतमाला आठवावी, म्हणजे या क्रमांकांची गंमत कळेल.) अल्बम दोन्हीकडे पहिला. पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी. आणि नवल म्हणजे त्याच सप्टेंबरात ती भारतात येऊन गेली. ३० सप्टेंबर १९८८ला ॲम्नेस्टीच्या मानवी हक्क दौऱ्यात स्टिंग, ब्रूस स्प्रिंगस्टीन, पीटर गॅब्रिएल यांच्याबरोबर दिल्लीच्या नेहरू स्टेडियममध्ये गायली. मला पत्ताही नव्हता. मी तेव्हा बहुधा सहामाहीच्या प्रश्नपत्रिका काढत असेन.

नातीने गाण्याचा अर्थ सांगितला. एक मुलगी आहे. बाप दारू पितो, आई सोडून गेलेली. बापाला सांभाळायला तिने शाळा सोडली. मित्राच्या गाडीतून दूर पळून जाऊ, नोकरी करू, घर घेऊ, ही तिची स्वप्नं. नोकरी मिळते, पण तो मित्रही बापाच्याच वळणावर जातो. शाळा सोडलेली मुलगी! जिला शाळेने गिटार दिली, तिने हे गाणं शाळा सुटलेल्या मुलीच्या तोंडी घातलं. हे मला फार लागलं.

२०२३मध्ये ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकाने हेच गाणं गायलं. समारंभातला दाढीवाला तो हाच. लहानपणी वडिलांच्या गाडीत त्याने ते ऐकलं होतं. त्याचं गाणं बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचा त्या वर्षीच्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार गीतकार म्हणून ट्रेसीला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. गाणं लिहून पस्तीस वर्षं उलटून गेल्यावर!

तुम्ही म्हणाल, बाई, प्रतिभा होती म्हणून वर आली. होतीच. पण मी आता नुसती मोजते. युकुलेली आणणारी आई एक. शिष्यवृत्ती देणारी संस्था दोन. वर्गणी काढणारी शाळा तीन. टेप पळवणारा विद्यार्थी चार. यातला एकही दुवा तुटला असता तर? त्या चौकातून जाणाऱ्या माणसांना ती तेव्हाही तितकीच चांगली ऐकू आली असती, पण पुढचं काही आपल्यापर्यंत पोहोचलं नसतं.

आमचा तो मुलगा ट्रेसी चॅपमन झाला असता असं मी म्हणत नाही. कदाचित आज कुठे छान संसारात असेल, गातही असेल. पण पत्त्यांचा डाव थांबवणारा आवाज माझ्या वर्गात होता, निधीची वही माझ्या कपाटात होती, आणि दोन्हींचा संबंध लावायला मी चुकले. त्याच्या गाण्यासाठी माझ्याकडे एकच शब्द होता, आणि तो मी चाळीस मुलांसमोर उच्चारला.

नातीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, त्याच्या गाण्याचे शब्द आठवतात का गं?" आठवत नाहीत. आवाज आठवतो, आणि त्या भात्याची फुसफुस.